दगडू, पेंटय्या आणि संत पेत्र



गेल्या महिन्यात हैदराबादेत नोकरीस असलेल्या एका तरुण वाचकाचे पत्र आमच्या हाती आले. त्याचे मूळ गाव वैजापूर तालुक्यात. घराणे चार पिढ्यांचे कॅथोलिक. पत्र लांबलचक आहे, परंतु त्यातील प्रश्न दोन ओळींत मावण्यासारखा आहे. त्याच्या वडिलांचे नाव दगडू. आपल्या महाराष्ट्राच्या रीतीप्रमाणे वडिलांचे नाव मुलाच्या नावामागून आणि आडनावाच्या आधी येते, आणि शाळेच्या दाखल्यापासून पगारपत्रकापर्यंत ते माणसाच्या सोबत चालत राहते. तेलुगू मुलखात तशी रीत नाही. तेथे माणूस आधी आपल्या घराण्याचे नाव सांगतो आणि मग स्वतःचे. त्यामुळे या तरुणाचे मधले नाव पाहून सहकाऱ्यांना कुतूहल वाटले. मराठी जाणणाऱ्या कोणी तरी त्याचा अर्थ फोडून सांगितला, आणि तेव्हापासून कचेरीत थट्टेला ऊत आला. तेलुगूत दगडाला ‘रायी’ म्हणतात. हल्ली त्याला कित्येक जण त्याच नावाने हाक मारतात.

आता त्याच्या घरी मुलगा जन्मला आहे. मुलाच्या दाखल्यावर वडिलांचे पूर्ण नाव छापून येणार, म्हणजे ‘दगडू’ पुन्हा एक पिढी पुढे सरकणार. त्याआधीच वडिलांचे नाव राजपत्रात प्रसिद्ध करून ‘डेव्हिड’ असे बदलून घ्यावे, असे त्याच्या मनात आहे. वडील हयात असल्यामुळे अर्जावर त्यांची सही हवी. त्याप्रमाणे त्याने गावी जाऊन अर्ज वडिलांपुढे ठेवला. ‘दादांनी तो हातात घेतला, घडी घातली आणि उशाखाली ठेवला. पंधरा दिवस झाले, त्याविषयी ते एक अक्षर बोललेले नाहीत,’ असे तो लिहितो. आणि शेवटी विचारतो, ‘यात मी काही पाप करीत आहे काय?’ पत्राखाली सही आहे ती स्वतःच्या नावाची आणि आडनावाची. मधे नुसते ‘द.’ एवढेच.

पाप नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. नाव बदलणे हे पाप असते तर अब्रामाचा अब्राहाम झाला नसता आणि शौलाला जग पौल म्हणून ओळखते ना. परंतु अर्ज उशाखाली का गेला, हे समजून घेण्यापूर्वी तो पुढे रेटू नये, एवढे आम्हाला वाटते. आणि त्यासाठी ‘दगडू’ हे नाव मुळात येते कोठून, हे पाहिले पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी सुमारे एक मूल आपला पहिला वाढदिवस पाहत नसे. आज हे प्रमाण हजारी तिसांच्याही खाली आले आहे. म्हणून आजच्या तरुण आईबापांना त्या काळचे भय समजणे कठीण. एकामागून एक दोन-तीन पाळणे रिकामे झाले की घरातील वडीलधारी माणसे म्हणत, या घराला दृष्ट लागली आहे. दृष्ट लागते ती देखण्या वस्तूला. टाकाऊ वस्तूकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मग पुढच्या मुलाला टाकाऊ ठरविणे हाच त्याला वाचविण्याचा मार्ग. कोणी त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणी, कोणी सुपात घालून शेजारणीला मूठभर धान्यावर विके आणि पुन्हा तिच्याकडून मागून घेई. उकिरड्यावरचा तो कचरू किंवा केरबा. मागून आणलेला तो भिकू, भिकाजी. दमडीचा तो दमडू, कवडीचा तो कवडू. मुलगा मुलीसारखा दिसावा म्हणून ज्याचे नाक टोचले तो नथू. आणि ज्याला मृत्यूने हात लावला तरी काही उपयोग होऊ नये, तो दगडू किंवा धोंडू.

आमच्या स्त्री वाचकांना बारशाची एक जुनी चाल आठवत असेल. बाळाला पाळण्यात घालण्यापूर्वी पाट्यावरचा वरवंटा धुऊन, त्याला कुंची घालून पाळण्यात ठेवीत. बाळ वरवंट्यासारखे टणक व्हावे, असा त्यातला भाव. दगडूच्या नावात हाच वरवंटा आहे. फरक इतकाच की बारशाचा वरवंटा पुन्हा स्वयंपाकघरात जातो, आणि दगडूचा दगड जन्मभर त्याच्यापाशी राहतो.

या श्रद्धेत तथ्य किती, हा प्रश्न वेगळा. दृष्ट आणि सटवाई यांच्या भयाने मुले मेली नाहीत. ती धनुर्वाताने, देवीने, हगवणीने मेली, आणि वाचली ती नावामुळे नव्हे, तर लस, स्वच्छ पाणी आणि शिकलेली सुईण यांमुळे. ख्रिस्ती माणसाने आपले मूल उकिरड्याच्या स्वाधीन न करता देवाच्या स्वाधीन करावे, हेही खरे. तरीपण एक गोष्ट विसरता येत नाही. हे नाव ठेवणाऱ्या आईला आपल्या मुलाला राजा म्हणून हाक मारावयाची होती. ती हाक तिने गिळली.

आमच्या पत्रलेखकाची थट्टा करणाऱ्या सहकाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहावेसे वाटतात. हैदराबादेत ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला पेंटय्या आणि पेंटम्मा ही नावे नवी नाहीत. ‘पेंट’ म्हणजे उकिरडा. पुल्लय्या या नावामागे जेवून टाकलेल्या पत्रावळीची आठवण आहे. पूर्वीची मुले गेल्यावर जन्मलेल्या बाळाला त्या पत्रावळींवर ठेवून उचलीत असत. भिक्षम किंवा भिक्षमय्या हे तर आपल्या भिकूचे सख्खे भाऊ. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात, आणि पुढे हैदराबाद राज्यात, तेलंगणाच्या मांडीला मांडी लावून बसत होते. भाषा निराळ्या, पण पाळण्याजवळचे भय एकच होते. थट्टा करणाऱ्यांपैकी कोणी आपल्या आजोबांचे किंवा पणजीचे नाव घरी जाऊन विचारले, तर त्यांतील एखाद-दुसऱ्यास तरी पेंटय्या भेटेल, अशी आमची खात्री आहे.

हे आपल्या देशापुरतेच आहे असे नाही. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात अकान नावाचा मोठा समाज आहे. तेथे मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्याला आपोआप मिळते. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान हे शुक्रवारी जन्मले म्हणून कोफी. आपल्याकडील आदिवासी पाड्यांवरचे सोमा, मंगळ्या, बुध्या यांसारखीच ही रीत. परंतु त्याच अकान लोकांत आधीची मुले दगावली असतील तर पुढच्याला ‘डोंकोर’ म्हणजे गुलाम, किंवा ‘सुमिना’ म्हणजे उकिरडा, असे नाव देण्याची चाल आहे. बंगालमध्ये तीन किंवा पाच कवड्यांना विकल्याचा देखावा केलेला मुलगा तीनकौडी वा पाँचकौडी होतो. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या आयांना एकच युक्ती सुचावी, यात आम्हाला तरी हसण्यासारखे काही दिसत नाही.

याउलट नवसाची नावे. मूल व्हावे म्हणून ज्या दारी पदर पसरला त्या दारचे नाव मुलाला द्यावयाचे, मग ते दार कोणाचेही असो. शिवछत्रपतींचे वडील शहाजी आणि चुलते शरीफजी यांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ठेविली गेली. हिंदू घरांतील फकिरा आणि पिराजी हे त्याच वाटेचे. या नावांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु ते पुन्हा केव्हा तरी.

आता दगडूच्या नावाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रत्येक दगडू हा मायेने दगडू झालेला नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असा दंडक घातलेला आहे. गावगाड्यात हा दंडक कोणी वाचून पाळीत नव्हते. पण तो पाळला मात्र जात होता. वेशीबाहेरच्या वस्तीत कोणी आपल्या मुलाचे नाव भारदस्त ठेवले तर गावात त्याची टर उडे, आणि साधे ठेवले तरी गावाच्या तोंडी त्याचे ‘या’कारान्त रूप होई. मराठीत एका अक्षराने केवढा फरक पडतो पाहा. धोंडोपंत, धोंडीराव, धोंडीबा, धोंडू आणि धोंड्या: दगड एकच, पण हाक मारणाऱ्याच्या मनात समोरच्याची पायरी कोणती, हे शेवटचे अक्षर बोलून दाखविते. तेलुगूतही ‘अय्या’ हा मानाचा आणि ‘गाडु’ हा हेटाळणीचा. तेथेही तोच उकिरडा एकाच्या तोंडी आदराचा होतो आणि दुसऱ्याच्या तोंडी शिवीचा.

म्हणून महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावास कोणी हसत नाही. १८५८ साली जन्मून १०४ वर्षे जगलेला आणि विधवांसाठी आयुष्य वेचलेला तो पुरुष. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले तेव्हा ‘धोंडो’ हे नाव बदला, असे कोणास सुचले नाही. पुण्याच्या दगडूशेठ हलवायांचे नाव तर सर्व महाराष्ट्राच्या तोंडी आहे. मात्र हेच नाव दलित वस्तीत जन्मलेल्या एका मुलास काय देते, हे पाहावयाचे तर ‘बलुतं’ हे पुस्तक हाती घ्यावे लागते. त्याचे लेखक दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. शिकले, शहरात आले, कवी झाले, आणि जग त्यांना दया पवार म्हणून ओळखू लागले. परंतु १९७८ साली स्वतःची कहाणी सांगावयाची वेळ आली, तेव्हा ती सांगावयास त्यांनी दगडू मारुती पवारालाच पुढे बसविले. दया पवार ऐकतात आणि दगडू सांगतो, अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. नाव बदलता आले, पण ज्याच्या वाट्याला ते जगणे आले होते तो दगडूच होता; त्याला बाजूला सारून कहाणी सांगता येईना.

हैदराबादेतच याच्या अगदी उलट एक उदाहरण घडले, आणि तेही तितकेच मोलाचे आहे. १८८८ साली तेथील दलित कुटुंबात जन्मलेला मादरी भागय्या हा मुलगा पुढे भाग्यरेड्डी वर्मा म्हणून प्रसिद्धीस आला. ‘रेड्डी’ हा शब्द राज्यकर्ता या अर्थाच्या शब्दापासून आला आहे आणि आपले पूर्वज या भूमीचे धनी होते, अशी त्या नावामागची धारणा. ‘वर्मा’ ही पदवी त्यांच्या कार्याबद्दल आर्यसमाजाने दिली. १९३९ साली निधन होईपर्यंत त्यांनी आपल्या समाजासाठी शाळा काढल्या, देवदासीची चाल आणि बालविवाह यांविरुद्ध झगडा केला. त्यांनी भागय्याचा भाग्यरेड्डी होणे स्वीकारले ते बापाची लाज वाटली म्हणून नव्हे. समाजाने लादलेली पायरी नाकारावयाची म्हणून. आमच्या पत्रलेखकाने स्वतःला येथेच विचारावे: आपण जे नाकारू पाहत आहोत ती दुसऱ्यांनी लादलेली पायरी आहे, की आपल्या आजीने घाबरत घाबरत घातलेले ते कुंचीतले वरवंट्याचे नाव आहे? बाहेरून दोन्ही दगडच दिसतात.

दिसावयास सारखी पण आतून अगदी विरुद्ध, अशी याहून भयंकर जोडी आपल्या महाराष्ट्रात आहे. कचराबाई हे नाव मूल जगावे म्हणून ठेविलेले असते. नकोशी किंवा नकुसा हे नाव मुलगी पुन्हा होऊ नये म्हणून. पहिल्यात मुलीवरचे प्रेम लपविलेले आहे. दुसऱ्यात लपविण्यासारखे प्रेमच नाही, उघड नकार आहे, आणि तो तिला शाळेत हजेरीच्या वेळी रोज ऐकावा लागतो. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे जिल्हा प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. कित्येकींनी आपापली नावे स्वतः निवडली. ही व्यथा केवळ साताऱ्याची नव्हे. हरियाणात ‘भतेरी’ म्हणजे पुरे झाल्या. तमिळनाडूत ‘वेंडाम’ म्हणजे नको. अशी नावे बदलावी काय, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही म्हणू, आज बदला. उद्यापर्यंत थांबू नका. तेथे वडीलधाऱ्यांच्या भावनेचा प्रश्नच उपस्थित होत नाही, कारण दुखावली जात आहे ती मुलगी.

पवित्र शास्त्र जाणणाऱ्या वाचकांना येथे होशेय संदेष्ट्याची मुलगी आठवेल. तिचे नाव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया होणार नाही अशी. इस्राएलावरील देवाच्या कोपाची खूण म्हणून ते नाव होते. पण त्याच ग्रंथात पुढे देवाचा कोप शमतो आणि नावातील ‘लो’ म्हणजे नकार गळून पडतो. उरते ती रुहामा, जिच्यावर दया झाली आहे अशी. साताऱ्याच्या त्या सभागृहात जे झाले त्यास याहून जवळचा दाखला आम्हाला ठाऊक नाही. आणि राहेलीची गोष्ट तर प्रत्येक बाळंतिणीने ऐकावी अशी. प्रसूतीत प्राण जात असताना तिने मुलाला बेनओनी, माझ्या दुःखाचा पुत्र, असे नाव दिले. बाप याकोब याने ते तसेच राहू दिले नाही. त्याने मुलास बन्यामीन म्हटले. बायकोवर याकोबाचे केवढे प्रेम होते हे आपण जाणतो. तरी तिचा शेवटचा शब्द त्याने बदलला, कारण मुलाने जन्मभर आईच्या मरणाची हाक ऐकावी, हे त्याला सोसेना.

मग दगडूचे काय? येथे आम्हाला आमच्या वाचकाच्या सहकाऱ्यांचे आभार मानावेसे वाटतात, कारण ‘रायी’ अशी हाक मारून त्यांनी नकळत एक मोठी गोष्ट सांगून टाकली आहे. तेलुगू आणि तमिळ कॅथोलिकांनी संतांची नावे फार सुरेख रीतीने आपलीशी केली आहेत. इन्नय्या म्हणजे संत इग्नेशियस, शौरय्या म्हणजे झेवियर, जोजय्या म्हणजे योसेफ. काही नावांचा तर त्यांनी नुसता उच्चार फिरविला नाही, अर्थच आपल्या भाषेत आणला. पौल या लॅटिन नावाचा अर्थ लहान. म्हणून तो झाला चिन्नप्पा. योहान या नावाचा अर्थ देव कृपाळू आहे. ‘अरुळ’ म्हणजे कृपा, म्हणून तो अरुळप्पा. आणि १९७१ साली नेमणूक होऊन २००० सालापर्यंत हैदराबादचे सरधर्माध्यक्ष राहिलेले सामिनिनी अरुळप्पा हेच नाव धारण करीत होते. आणि पेत्र? तो झाला रायप्पा. कारण आपल्या प्रभूने शिमोन नावाच्या कोळ्यास जे नवे नाव दिले, ते त्या वेळच्या अरामी बोलीत केफा, आणि केफा म्हणजे खडक, दगड. ग्रीक लोकांनी त्याचे पेत्रोस केले, पोर्तुगीजांनी पेद्रो, आणि गोव्यात तोच पेद्रू झाला. आपल्या मराठी खेड्यात ते नाव तसेच्या तसे उतरवावयाचे म्हटले तर पहिल्या पोपचे नाव दगडू होते, असे म्हणावे लागेल. त्यानंतर अडीचशेहून अधिक पोप झाले. त्यांतील कित्येकांनी आवडीचे नाव घेतले. पेत्र हे नाव पुन्हा घेण्यास मात्र एकही धजला नाही.

कोणी म्हणतील, हा शब्दांचा खेळ झाला. वैजापूरच्या त्या आजीच्या मनात संत पेत्र नव्हता. कबूल. तिच्या मनात काय होते ते आम्ही वर सांगितलेच आहे. परंतु ख्रिस्ती घरात ‘दगडू’ हे नाव शोभत नाही, ते ‘डेव्हिड’ झाले की शोभू लागेल, अशी जी समजूत पत्रात ओळींआड दिसते, तिला आमचे हे उत्तर आहे. नाव परदेशी आवाजाचे असले म्हणजे ख्रिस्ती, हा आपल्याकडील एक जुना भ्रम. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी संत पौल ज्यांची आठवण काढतो त्यांत फीबी आहे, हर्मेस आहे. ही ग्रीकांच्या देवदेवतांची नावे. स्नानसंस्कार झाल्यावरही त्या मंडळींनी ती टाकली नव्हती, आणि पौलाने त्यांना त्यावरून टोकलेले नाही. पवित्र सभेचा नियमही या बाबतीत समंजस आहे. १९१७ सालच्या कायद्यात असे होते की धर्मगुरूंनी मुलास ख्रिस्ती नाव दिले जाईल असे पाहावे. आईबाप ऐकत नसतील तर त्यांनी दिलेल्या नावास एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावी. १९८३ सालच्या कायद्याने एवढेच सांगितले की ख्रिस्ती भावनेस परके असलेले नाव देऊ नये. आईच्या भीतीतून आणि मायेतून आलेले नाव ख्रिस्ती भावनेस परके आहे, असे म्हणणारा धर्मगुरू आम्हाला अद्याप भेटावयाचा आहे.

या सर्व विचाराने आम्ही त्या तरुणास खाजगी उत्तर लिहिले. त्यात दोन गोष्टी करावयास सांगितल्या. एक, पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा चर्चमध्ये वडिलांच्या स्नानसंस्काराची नोंद पाहा. ते १९८३ पूर्वीचे, म्हणजे जुन्या नियमाच्या काळातले. तेव्हा दगडू या नावाशेजारी धर्मगुरूंनी एखाद्या संताचे नाव लिहिलेले असण्याचा संभव आहे, आणि ते पेत्र असेल असा आमचा तर्क आहे. दुसरी, वडिलांना काही विचारू नका; घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा.

परवा त्याचे दुसरे पत्र आले. आमचा तर्क चुकला. नोंदवहीत दगडूच्या शेजारी ‘जोसेफ’ लिहिलेले आहे. त्या नावाने त्यांना जन्मात कोणी हाक मारलेली नाही, आणि घरात ते कोणास ठाऊकही नव्हते.

मग तो आपल्या आत्याकडे गेला. ही वडिलांची थोरली बहीण, आता ऐंशीच्या पुढची. तिने सांगितले की दादांच्या आधी तीन मुलगे झाले. तिसरा फार देखणा होता, त्याचे नावही हौसेने ठेविलेले होते, आणि तो बाराव्या दिवशी गेला. चौथ्या खेपेस आजी म्हणाली, या वेळी नाव नको, पाळणाही नको. सुईणीने बांधावरचा एक दगड उचलून आणून पाळण्यात ठेविला आणि बाळाला खाली पोत्यावर निजविले. सव्वा महिना पाळण्यात दगडाला झोका दिला गेला. आत्या तेव्हा लहान होती. झोका देण्याचे काम तिच्याकडे होते. ‘दगडाला अंगाई म्हटली मी,’ असे ती हसत म्हणाली. तो दगड अजून दारापाशी आहे. लहानपणी आमचा हा वाचक त्याच्यावरच बसून पायांत वहाणा घालीत असे. तो तेथे का आहे, हे त्याने कधी कोणास विचारले नव्हते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर दादांनी होऊन उशाखालचा अर्ज काढला. बहिणीकडे मुलगा जाऊन आल्याचे त्यांना कळले होते की नाही, हे समजावयास मार्ग नाही. त्यांनी चष्मा लावला, दाखविलेल्या जागी सही केली आणि कागद मुलाच्या हाती देत म्हणाले, ‘तुला जड होत असेल तर उतरव बाळा. माझी ना नाही.’

सही केलेला तो अर्ज घेऊन तो हैदराबादेस परतला आहे. मुलाचा स्नानसंस्कार येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. दादा आणि आत्या दोघेही जाणार आहेत. अर्ज कचेरीत दिला की नाही, याविषयी पत्रात काही लिहिलेले नाही. पत्राखाली या वेळी त्याने नाव मात्र पुरे लिहिले आहे, मधल्या नावासकट.